ओम्नीचे पाटे : मागील सस्पेन्शन ताठ करण्याच्या कामाच्या नोंदी

14 एप्रिल 2024, रविवार. डिचोली, गोवा.

काल पणजीहून परतताना रायबंदरच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. गाडीत घरची पाच माणसे, रंगाचे डबे आणि मूर्तींच्या मखरासाठी घेतलेल्या फळ्या असा ऐवज होता. ओहोटीला फेरीबोट खाली जाते आणि तिच्यावर उतरण्याचा चढाव-उतार अधिक तीव्र होतो, हे या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पुढची चाके फेरीवर चढली आणि मागे सायलेन्सरचे टोक रॅम्पच्या लोखंडी कडेला असे काही घासले की फेरीवरच्या कामगाराने हात वर करून गाडी थांबवली आणि मागच्या माणसांना उतरायला लावले. पलीकडे चोडणला बाहेर पडताना मी स्वतःच सर्वांना आधी उतरवले.

गाडी 2012 ची मारुती ओम्नी आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि त्याखाली कॉइल स्प्रिंगऐवजी पाटे (लीफ स्प्रिंग), म्हणजे एकावर एक बांधलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या, अशी तिची जुनी, सरळ रचना आहे. आमच्या घरी गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा, आहे, त्यामुळे या गाडीला वर्षातून दोन अगदी वेगळी कामे पडतात. पावसाआधी पेडण्याकडून चिकण मातीची पोती आणायची आणि चवथीच्या आदल्या दोन दिवसांत मूर्ती घरोघरी पोहोचवायच्या. मातीच्या फेऱ्या मे महिन्यात सुरू होतील. त्याआधी मागचा भाग सावरला पाहिजे. बाबांनी या कामासाठी पाच हजार रुपये मंजूर केले आहेत आणि त्यापुढे एक रुपयाही मिळणार नाही असे त्याच वाक्यात सांगितले आहे.

21 एप्रिल, रविवार.

काहीही उघडण्याआधी मोजमाप घ्यायचे ठरवले होते. गाडी अंगणातल्या कोब्यावर उभी केली, हवेचा दाब तपासला आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घेतले. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज आणि हवा दोन्ही आकड्यात मिसळतात; चाकाच्या मध्यापासून मोजले की फक्त स्प्रिंगचे खरे-खोटे कळते. रिकाम्या गाडीत उजवीकडे 334 मिलिमीटर आणि डावीकडे 319 मिलिमीटर भरले. अ‍ॅक्सल आणि त्याच्या वर बॉडीला बसवलेला, आपटणे अडवणारा बंप रबर यांच्यामधली फट उजवीकडे 60 आणि डावीकडे 45 मिलिमीटर होती.

नंतर गेल्या वर्षीच्या उरलेल्या मातीची, प्रत्येकी वीस किलोची बारा पोती वजन करून बरोबर अ‍ॅक्सलच्या वर, दोन्ही बाजूंना सारखी रचली. उजवी बाजू 57 मिलिमीटर खाली गेली, म्हणजे 120 किलोला 57, म्हणजेच दर मिलिमीटरला साधारण 2.1 किलो. डावी बाजू 45 मिलिमीटरवरच थांबली, कारण तिथे अ‍ॅक्सल रबराला टेकला होता. या अवस्थेत डावीकडे स्प्रिंग उरतच नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा रबरामार्फत थेट बॉडीला लागतो.

डावी-उजवीतला पंधरा मिलिमीटरचा फरक मला पटत नाही. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापराने बसायची तर उजवी बाजू बसायला हवी होती. डावीकडे काहीतरी वेगळे घडले आहे.

मागचा कोपरा हाताने दाबून सोडला तर गाडी तीनदा वर-खाली होऊन मग स्थिर होते. डाव्या शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओलसर पट्टा आहे आणि त्यावर लाल धूळ बसून त्याचा लेप झाला आहे. दोन्ही शॉकअप बदलावे लागतील. मात्र शॉकअप वजन उचलत नाहीत, ते फक्त स्प्रिंगचे हेलकावे मारतात. मागून बसलेली गाडी नव्या शॉकअपने वर येईल अशी आशा भावाला होती, ती मी आजच मोडली.

28 एप्रिल, रविवार.

आठवडाभर चौकशी केली. पाट्यांचे नवे संच दोन्ही बाजूंना बसवले तर तेवढ्यातच रक्कम संपते आणि गाडी केवळ मूळ अवस्थेत येते, त्याहून ताठ होत नाही. हवेच्या फुग्यांचे संच आमच्या आवाक्याबाहेर आहेत. एकाने अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालण्याचा सल्ला दिला. ठोकळ्याने उंची वाढते, पण ताठपणा होता तेवढाच राहतो, आणि अ‍ॅक्सलचा पाट्यावरचा पीळ उलट वाढतो. हा सल्ला तिथेच सोडला.

उंची आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कामात पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावे लागते. पाट्याची कमान वाढवली की गाडी उंच होते, पण दर मिलिमीटरला लागणारे वजन तेच राहते. ताठपणा ठरतो तो पाट्यांची संख्या, रुंदी, लांबी आणि जाडी यांवर. संख्या आणि रुंदी सरळ प्रमाणात काम करतात: तीन सारख्या पाट्यांत चौथा घातला की ताठपणा एक तृतीयांशाने वाढतो. जाडी मात्र घनाच्या प्रमाणात काम करते. सहा मिलिमीटरऐवजी सातचा पाटा घेतला तर त्या एका पाट्याचा ताठपणा जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढतो. म्हणून भंगारात हाताला लागलेला कुठल्याही जीपचा जाड पाटा आणून ठोकून देणे धोक्याचे आहे. त्यामुळे रुंदी आणि जाडी जुळणारा ओम्नीचाच जुना पाटा शोधायचा, असे ठरवले.

आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण भाऊ ती विसरणार आहे. पाटे वाढवल्याने गाडीची वजन वाहण्याची अधिकृत क्षमता वाढत नाही. अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात, म्हणून आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाच्या आतच भार ठेवायचा.

5 मे, रविवार.

पाटे उतरवण्यात सकाळचे आठ ते दुपारचे तीन गेले. किनाऱ्यापासून आम्ही तसे आत राहतो, तरी दमट हवा आणि बारा पावसाळे यांनी पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांची आणि बोल्टांची एकच वस्तू करून टाकली होती. गंज सोडवणारा स्प्रे रात्रीच मारून ठेवला होता, तरी बहुतेक नट शेवटी कापावे लागले. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात आणि ते पुन्हा वापरू नयेत, त्यामुळे नवे आणायचेच होते. कापण्याचे दुःख नव्हते, वेळेचे होते.

बॉडी स्टँडवर आणि अ‍ॅक्सल वेगळ्या ठोकळ्यांवर टेकवून मगच बोल्ट सोडले. माझ्या गाडीत प्रत्येक बाजूला तीन पाटे आहेत, सहा मिलिमीटर जाड, पन्नास रुंद. मेन पाट्याची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी सुमारे एक मीटर भरली.

डावीकडचा संच हातात घेतला तेव्हाच तो सैल वाटला. पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढला आणि मधला पाटा दोन तुकड्यांत खाली पडला. चीर नेमकी बोल्टाच्या भोकातून गेली होती, म्हणजे जिथे धातू सर्वांत कमी आणि ताण सर्वांत अधिक असतो तिथून. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळपट तपकिरी होता आणि काठाजवळची करंगळीएवढी जागा मात्र चांदीसारखी चमकत होती. म्हणजे तो पाटा बरेच महिने अर्धवट तुटलेल्या अवस्थेत काम करत होता आणि उरलेला भाग अलीकडेच गेला, कदाचित त्या फेरीच्या रॅम्पवरच. पंधरा मिलिमीटरचे उत्तर मिळाले.

पाट्याचे टोक बॉडीला टांगणाऱ्या शॅकल या दुव्याचे रबरी बुश (बोल्टाभोवतीच्या नळ्या) अंडाकृती झाले आहेत. तेही यादीत घातले.

8 मे, बुधवार.

म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडे ओम्नीचे तीन जुने पाटे मिळाले: एक तुटलेल्याच्या जागी आणि दोन वाढीव. तिघांवरही बोल्टाच्या भोकाभोवती तारेचा ब्रश मारून, रॉकेलने पुसून, वर खडूची पूड लावून पाहिले. चीर असेल तर तिच्यातले तेल पुडीवर काळी रेघ उमटवते. रेघ उमटली नाही.

तिथून सारे पाटे घेऊन साखळीच्या वाटेवरच्या एका मेस्ताकडे, म्हणजे कारागिराकडे, गेलो. हा माणूस तीस वर्षे खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांचे पाटे करत आला. 2012 मध्ये खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा थांबल्या. त्याच्या अंगणात एकेकाळी ट्रकांची रांग लागत असे, तिथे आता एक पिकअप आणि आमचे हे सहा-आठ किरकोळ पाटे होते. ट्रकाच्या पाट्यांपुढे ओम्नीचे पाटे त्याला खेळण्यासारखे वाटले असतील, पण त्याने ते हातात घेऊन वाकवून पाहिले तेव्हा चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

मी विचारले, कमान मारायला तापवणार का? तो म्हणाला, “तापवला तर पाणी उतरणार, भाई. मग पाणी परत कोण देणार? तुम्ही देणार?” कोयत्याला देतात तेच पाणी पाट्यालाही असते, भट्टीत लाल करून नीट विझवला आणि पुन्हा बेताने तापवला नाही, तर तो एक तर काचेसारखा तडकतो नाही तर पहिल्याच भाराला बसतो. त्याने सगळे काम थंड लोखंडावर केले. जमिनीवर खडूने जुन्या कमानीची रेघ ओढली, तिच्यावर मध्याला वीस मिलिमीटर चढवून दुसरी रेघ ओढली, आणि पाटा ऐरणीच्या दोन कडांवर आडवा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर घण मारत गेला. प्रत्येक फेरीनंतर पाटा रेघेवर ठेवून पाही. कुठेही एका जागी दोन घाव बसू दिले नाहीत. आठ पाट्यांना दोन तास लागले.

12 मे, रविवार.

पाटे ब्रशने घासून, मध्ये ग्राफाइट ग्रीस लावून, नवे सेंटर बोल्ट घालून दोन्ही संच बांधले. प्रत्येक बाजूला आता सारख्या कमानीचे चार पाटे झाले. नवे यू-बोल्ट, नवे बुश, नवे बंप रबर आणि नवे शॉकअप बसवले. शॅकलचे बोल्ट आधी फक्त हाताने लावले आणि गाडी चाकांवर उतरवून, तिच्या रोजच्या उंचीवर आल्यावरच आवळले. चाके लटकत असताना आवळले तर रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो, गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. आधीचे बुश बहुधा असेच गेले होते.

मोजमाप: रिकाम्या गाडीत उजवीकडे 368, डावीकडे 366. बारा पोती घातल्यावर दोन्हीकडे साधारण 43 मिलिमीटर खाली, म्हणजे दर मिलिमीटरला 2.8 किलो. एक तृतीयांश वाढेल असा हिशेब होता, तेवढीच वाढली. भाराखाली बंप रबरापर्यंत अजून 51 मिलिमीटर शिल्लक. मी खूश होतो. भाऊ तर वहाणा काढून बंपरवर उभा राहिला.

मागचा भाग उजवीकडे 34 आणि डावीकडे 47 मिलिमीटरने वर आल्यामुळे हेडलाइटचा झोत खाली पडू लागला. भिंतीसमोर उभी करून तो नीट केला.

26 मे, रविवार.

मातीच्या चार फेऱ्या झाल्या. पेडणे ते म्हापसा आणि तिथून घर, प्रत्येक फेरीत बारा पोती. गाडी कुठेही टेकली नाही. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले. प्रत्येक नट अर्धा-पाऊण आटा फिरला. नवे यू-बोल्ट बसतात तसे पाटेही एकमेकांवर बसतात, त्यामुळे ही दुसरी आवळणी चुकवू नये.

एक तक्रार मात्र आहे. रिकाम्या गाडीत रंबलरवरून (रस्त्यावरच्या ओळीने आखलेल्या बारीक उंचवट्यांवरून) जाताना मागचा दरवाजा खडखडतो आणि पाठीला दणके बसतात. मी ते फारसे मनावर घेतले नाही. घ्यायला हवे होते.

14 जुलै, रविवार.

आज नुकसान झाले आणि ते माझ्याच हिशेबामुळे झाले.

पावसात चित्रशाळेच्या एका कोपऱ्यात गळती लागली, म्हणून सुकलेल्या पण न रंगवलेल्या सहा मूर्ती मावसभावाकडे मये येथे हलवायच्या होत्या. मूर्ती, त्यांचे पाट आणि खालचा पेंढा मिळून वजन जेमतेम नव्वद किलो. पेंढ्यावर जुनी गादी घातली, प्रत्येक मूर्तीला दोन्हीकडून उश्या लावल्या आणि ताशी वीसच्या वेगाने निघालो. अंतर काही किलोमीटरच, पण रस्ता पावसाने उखडलेला. पोहोचल्यावर पाहिले तर दीड फुटाच्या एका मूर्तीचा आशीर्वादाचा हात मनगटातून तुटून मांडीवर पडला होता आणि दुसरीच्या कानाच्या मुळाशी केसासारखी चीर गेली होती.

आमच्याकडे गिऱ्हाईक आपला पाट महिनोन्‌महिने आधी चित्रशाळेत आणून देतो आणि त्याच पाटावर त्याचा गणपती घडतो. पाटाखाली त्याचे नाव लिहिलेले असते. त्यामुळे मोडलेल्या मूर्तीच्या जागी दुसरी सरकवून देणे हा मार्गच नाही. बाबांनी काही न बोलता ओली माती कालवायला घेतली. ते बोलले असते तर बरे झाले असते.

कारण स्पष्ट आहे. मी 240 किलो मातीचा विचार करून स्प्रिंग ठरवला आणि तो पहिल्या मिलिमीटरपासूनच ताठ आहे. मातीचे पोते दणका खाते, कच्च्या मूर्तीचे मनगट खात नाही. भार हलका असताना मऊ आणि जड असताना ताठ असा स्प्रिंग मला हवा होता, आणि मी मागितला फक्त ताठ.

21 जुलै, रविवार.

काल पुन्हा मेस्ताकडे गेलो. झाला प्रकार सांगितल्यावर त्याने पायाने ट्रकाचा एक पाट्यांचा संच माझ्याकडे सरकवला आणि सर्वांत खालचा पाटा दाखवला. वरचे सगळे पाटे कमानदार, तो एकटा जवळजवळ सपाट. मध्यभागी तो इतरांना घट्ट बांधलेला, टोकांना मात्र मोकळा. रिकाम्या ट्रकात तो नुसता सोबतीला असतो. भार पडून वरची कमान उतरू लागली की वरचा पाटा येऊन त्याच्या टोकांवर टेकतो आणि तिथून तोही वजन घेऊ लागतो. मदतनीस पाटा. ट्रकवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली ही गोष्ट मी मे महिन्यात विचारली असती तर त्याने तेव्हाच सांगितली असती. “तुम्ही माती म्हणालात, भाई, गणपती नाही म्हणालात,” एवढेच तो म्हणाला.

दोन्ही वाढीव पाटे त्याने घण मारून जवळजवळ सपाट केले आणि टोके कानशीने गोल केली, नाहीतर धारदार टोक वरच्या पाट्याला चरा पाडते आणि चीर तिथूनच सुरू होते. आज ते सर्वांत खाली बसवले. टोकाजवळ वरच्या पाट्यापासून बोटभर फट राहिली. धातूवर धातू आपटून आवाज होऊ नये म्हणून वरच्या पाट्याला टोकाशी रबराची चकती चिकटवली. यू-बोल्ट पुन्हा नवे घेतले, मे महिन्यातलेच असले तरी.

28 जुलै, रविवार.

पाऊस थांबल्यावर अंगणात पुन्हा मोजमाप. रिकाम्या गाडीत उजवीकडे 353, डावीकडे 352. या वेळी पोती जोडीजोडीने, एक डावीकडे एक उजवीकडे, अशी चढवत प्रत्येक वेळी अंतर लिहिले. पहिल्या दोन जोड्यांना गाडी 19 मिलिमीटर गेली, म्हणजे जुन्याच मऊपणाने. तिसऱ्या जोडीला पाट्याखाली वाकून पाहिले तर फट मिटून वरच्या पाट्याची रबराची चकती खालच्या पाट्यावर टेकली होती. तिथून पुढे दर जोडीला सात-सात मिलिमीटरच. सहा जोड्यांना एकूण 49, आणि बंप रबरापर्यंत 30 मिलिमीटर शिल्लक. एप्रिलमध्ये याच भाराला उजवीकडे तीन मिलिमीटर आणि डावीकडे शून्य होते.

मे महिन्यातले 51 आजच्या 30 पेक्षा कागदावर चांगले दिसतात, हे भावाने लगेच दाखवून दिले. मी त्याला कागद सोडून मये येथे नेले. पिठाचा डबा अर्धा पाण्याने भरून मागे ठेवला आणि त्याच उखडलेल्या रस्त्याने गेलो. पाणी हिंदकळले, पण काठावरून सांडले नाही.

6 सप्टेंबर, शुक्रवार.

काल आणि आज मिळून नऊ फेऱ्यांत एक्कावन्न मूर्ती पोहोचल्या. मोडतोड नाही. एका मूर्तीच्या मुकुटाला उशीचा सोनेरी रंग लागला आणि उशीला मुकुटाचा, याचा सस्पेन्शनशी संबंध नाही.

दुपारच्या फेरीत पणजीच्या पाच मूर्ती होत्या. चोडणच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि रॅम्प चांगलाच खाली गेला होता. भाऊ उतरून मागे जाऊन वाकला. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून गाडी सोडली. मागून लोखंडाचा आवाज आला नाही. चाके फेरीच्या पत्र्यावर आल्यावर भावाने चार बोटे आडवी धरून दाखवली, तेवढे अंतर सायलेन्सरखाली राहिले होते.

15 सप्टेंबर, रविवार.

चवथीनंतरची तपासणी. यू-बोल्ट आवळलेलेच आहेत. उजव्या बाजूची रबराची एक चकती सुटून पडली आहे, त्यामुळे जड भाराला टकटक येते; या वेळी चिकटवण्याऐवजी पाट्याच्या क्लिपमध्ये पकडणार आहे, कारण पाट्याला भोक पाडायचे नाही. शॉकअप कोरडे आहेत.

हिशेब: शॉकअपची जोडी 1700, तीन जुने पाटे 750, यू-बोल्ट दोनदा मिळून 720, बुश 320, बंप रबर 160, सेंटर बोल्ट 60, ग्रीस 80, मेस्ताची मजुरी पहिल्यांदा 800 आणि दुसऱ्यांदा 300. एकूण 4890 रुपये. उरलेले 110 रुपये बाबांना परत दिले. त्यांनी ते मोजून घेतले.